पोहोचलास की फोन कर

वाई,
रविवार, सकाळ

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मागच्या रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास, तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात आहे. परीक्षेत स्पॅनिशच्या लेखनात नापास झाल्याचे तू सांगितलेस आणि "रूपे पाठ केली असतीस तर ही वेळ आली नसती" असे मी लगेच म्हणाले. म्हणणे चुकीचे होते असे मला अजूनही वाटत नाही, पण तू दिवसभर शिकून आणि त्यावर रात्री एक वाजेपर्यंत हॉटेलातली भांडी आवरून, तिकडे स्पेनमध्ये पिसुएर्गा नदीकाठच्या धुक्यातून एकटा खोलीवर चालला होतास, आणि ती वेळ उपदेशाची नव्हती. फोन बंद झाला तो झालाच. तू खोलीवर पोहोचलास हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. ते असो. त्याविषयी लिहायचे नाही असे ठरवूनच बसले आहे; आज लिहायचे आहे ते क्रियापदाविषयी.

तू गेल्यापासून तुझी स्पॅनिशची जुनी वही रोज थोडी वाचते. चौतीस वर्षे मुलांकडून संस्कृतची धातुरूपे म्हणवून घेतली, त्यामुळे रूपांचा तक्ता दिसला की हात आपोआप तिकडे जातो. कालनिर्णयच्या गेल्या वर्षीच्या पानामागे मी एका क्रियापदाचा पूर्ण तक्ता केला आहे आणि तो सोबत पाठवते आहे. तुमच्या पुस्तकात आर, एर आणि ईर असे अंत असलेले तीन गट आहेत आणि त्यांच्यासाठी आब्लार, कोमेर, बिबिर म्हणजे बोलणे, खाणे, राहणे ही नेहमीची उदाहरणे आहेत. मी मात्र पहिल्या गटातला एस्पेरार घेतला. तो सर्व काळांत आणि सर्व अर्थांत नियमाने चालतो, कुठेही वाकडा जात नाही, आणि त्याचा अर्थ वाट पाहणे असाही आहे आणि आशा करणे असाही आहे. आपल्याकडे संस्कृत धातूंचे दहा गण आणि काळ-अर्थांचे दहा लकार घोकणाऱ्या मुलांना तीन गट म्हणजे काहीच नाही, असे मी लिहिणार होते. ते वाक्य तू वाचले नाहीस असे समज.

वर्तमानकाळ मला एका बैठकीत पाठ झाला: एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेराइस, एस्पेरान. म्हणून बघ. संस्कृतात वदसि म्हणताना येणारा स एस्पेरासमध्ये आहे, वदामः मधला म एस्पेरामोसमध्ये आहे, वदन्ति मधला न एस्पेरानमध्ये आहे. लॅटिनमधून स्पॅनिशकडे आलेले हे प्रत्यय आणि आपले तिङ् म्हणजे क्रियापदाला लागणारे प्रत्यय एकाच कुळातले आहेत. परक्या घरात गेल्यावर भिंतीवर आपल्या आजोबांची तसबीर दिसावी, तसे मला झाले. तू आठ वर्षांचा असताना धाकट्या आत्याच्या ओसरीवर उभा राहून लट् लकार, म्हणजे वर्तमानकाळ, न अडखळता म्हणाला होतास आणि आप्पांनी तुला त्यांचे पेन दिले होते. ते पेन तिकडे नेले आहेस का? इथे कपाटात सापडत नाही.

आता तुझ्या चुकीविषयी. उत्तरपत्रिकेचा जो फोटो तू पाठवलास तो मी भिंग घेऊन पाहिला. भूतकाळात तू 'त्याने वाट पाहिली' यासाठी एस्पेरे लिहिलेस, तिथे एस्पेरो हवे होते, आणि ही एकच चूक पाच ठिकाणी आहे. पहिल्यांदा मला राग आला, कारण प्रथम पुरुष आणि तृतीय पुरुष यांत घोळ करणारा मुलगा माझ्या वर्गात कोपऱ्यात उभा राहिला असता. मग रात्री झोप येईना तेव्हा मराठीत तेच वाक्य मनाशी म्हणून पाहिले. मी वाट पाहिली, त्याने वाट पाहिली, त्यांनी वाट पाहिली. आपल्याकडे कर्मणी प्रयोगात क्रियापद त्या वाटेशी जुळते, पाहणाऱ्याशी जुळत नाही. कोण थांबले होते याची पाहिली या रूपाला पर्वाच नाही. स्पॅनिशमध्ये थांबणारा क्रियापदाच्या पोटातच असतो: एस्पेरे म्हटले की मीच, एस्पेरो म्हटले की तो किंवा ती. ज्याच्या जिभेला जन्मापासून पाहिली या एकाच रूपाची सवय आहे, त्याने घाईत पुरुष विसरला तर तो आळस नव्हे. मी तुला आळशी म्हणाले होते. तो शब्द मी मागे घेते, अनिकेत.

आघाताची गोष्ट मात्र तुला सोडता येणार नाही, कारण तिथे गुण गेले आहेत आणि पुढेही जातील. पे वर जोर देऊन एस्पेरो म्हटले तर 'मी वाट पाहते', आणि शेवटच्या रो वर जोर दिला तर 'त्याने वाट पाहिली'. एस्पेराराचे तर त्याहून नाजूक आहे. तिसऱ्या अक्षरावर जोर असेल तर 'वाट पाहावी' असा मनातला किंवा संकेताचा अर्थ, आणि शेवटच्या अक्षरावर असेल तर 'वाट पाहील' असा सरळ भविष्यकाळ. स्वर, न किंवा स यांनी संपणाऱ्या शब्दात उपान्त्य म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात येतो आणि तसा तो नसेल तर वर तिरपी रेघ द्यावी लागते, एवढाच नियम आहे, आणि तू ती रेघ ठिकठिकाणी गाळली आहेस. देवनागरीत ती दिसत नाही म्हणून मी वेदाच्या पोथीतल्या स्वरिताच्या खुणेसारखी पेन्सिलीने अक्षरावर उभी रेघ ओढली आहे. त्वष्ट्याच्या यज्ञातली इन्द्रशत्रु शब्दाची गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली असेल! इंद्राला मारणारा पुत्र मागायचा होता, स्वर चुकला आणि इंद्र ज्याला मारणार आहे असा पुत्र, वृत्र, पदरात पडला. वृत्राचे पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे. इथे कोणी मरणार नाही, पण नोकरीसाठी लागणारे ते बी-२ पातळीचे प्रमाणपत्र एका रेघेवर अडू नये.

भूतकाळ दोन आहेत, आणि या दोहोंवर मी सर्वांत जास्त दिवस काढले. एक, एकदा घडून संपलेल्या गोष्टीचा: एस्पेरे, एस्पेरास्ते, एस्पेरो, एस्पेरामोस, एस्पेरास्तेइस, एस्पेरारोन. दुसरा, रोज घडत असे अशा गोष्टीचा: एस्पेराबा, एस्पेराबास, एस्पेराबा, एस्पेराबामोस, एस्पेराबाइस, एस्पेराबान. पुस्तक यावर पाच पाने लिहिते; आपल्या व्याकरणात पहिल्यासाठी लाख्यात, म्हणजे आला, पाहिली अशी ल ची रूपे, आहे आणि दुसऱ्यासाठी रीतिभूतकाळ आहे, आणि फरक जवळजवळ तोच आहे. बाबा सहा चाळीसच्या साताऱ्याहून येणाऱ्या एसटीने येत असत, मी चहाचे आधण ठेवत असे, तू फाटकावर चढून बसत असस. ही सगळी एस्पेराबाची वाक्ये आहेत. त्या ऑगस्टमध्ये एसटी आली आणि बाबा आले नाहीत. हे पहिल्या काळाचे वाक्य आहे. परीक्षेत दोन काळांत गोंधळ झाला तर फाटक आठव, म्हणजे कोणता काळ कुठे बसतो ते समजेल. मी हे उदाहरण द्यायला नको होते असे लिहून झाल्यावर वाटते आहे, पण खोडत नाही, कारण याहून स्पष्ट उदाहरण माझ्यापाशी नाही.

भविष्यकाळ सोपा आहे. आख्खे मूळ क्रियापद ठेवायचे आणि त्याला आबेर या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपे चिकटवायची: एस्पेरारे, एस्पेरारास, एस्पेरारा, एस्पेरारेमोस, एस्पेरारेइस, एस्पेरारान. म्हणजे मुळात 'मला वाट पाहायची आहे' असेच ते म्हणत होते, ते जुळून 'पाहीन' झाले. तिन्ही गटांना हेच प्रत्यय लागतात, त्यामुळे इथे तुझे श्रम वाचतील. संकेतार्थाची रूपेही, एस्पेरारीआ वगैरे, अशीच त्याच मुळावर होतात.

पण याच काळाचा एक वापर वाचला आणि मी वही मिटून घाटावर जाऊन बसले. तिकडचे लोक खात्री नसलेल्या गोष्टीसाठी भविष्यकाळ वापरतात. 'आब्रा येगादो' म्हणजे पोहोचला असेल. आपण अगदी हेच करतो: झोपला असेल, जेवला असेल, फोनची बॅटरी संपली असेल. तुमच्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा सध्या आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात, मी तेव्हा उठलेलीच असते, आणि पाणी तापेपर्यंत ही सगळी वाक्ये मी म्हणून टाकते. इतके दिवस मला वाटे की ही फक्त माझीच खोड आहे. एका परक्या भाषेने तिच्यासाठी काळ राखून ठेवलेला पाहून बरे वाटले. हॉटेलवाल्यांना सांगून आठवड्यातले दोन दिवस तरी लवकर सुटता येईल का ते विचार. नदीकाठचा रस्ता सोडून दिव्यांच्या रस्त्याने जा, दहा मिनिटे जास्त लागली तरी चालतील. हे लिहायचे नव्हते.

आता ज्या भागाची तू सर्वांत जास्त तक्रार करतोस तो, म्हणजे इच्छा, शंका, भीती, आशा यांच्या मागे येणारी रूपे. रचना फार अवघड नाही: आर गटात आ च्या जागी ए येतो, एर आणि ईर या गटांत आ येतो. एस्पेरे, एस्पेरेस, एस्पेरे, एस्पेरेमोस, एस्पेरेइस, एस्पेरेन. तसेच कोमा आणि बिबा. 'करू नकोस' असा निषेधही याच रूपाने होतो: 'थांब' ला एस्पेरा, पण 'थांबू नकोस' ला नो एस्पेरेस. आपणही आज्ञेला नुसता धातू वापरतो आणि निषेधाला वेगळी रचना करतो, तेव्हा तुला हे परके वाटू नये. संस्कृतात असाच एक लेट् लकार होता. तो वेदात आहे, पुढच्या संस्कृतात उरला नाही, म्हणून मी तो वर्गात कधी शिकवला नाही, आणि आता साठीनंतर तुझ्या वहीत तो जिवंत भेटतो आहे. अरबीतून आलेला ओखाला हा शब्द या रूपांच्या आधी लावला की 'देव करो आणि' असा अर्थ होतो: ओखाला येगे, देव करो आणि तो पोहोचो. उच्चारात येगार नियमानेच चालते, लिहिताना ग चा ख होऊ नये म्हणून मध्ये एक यू घालावा लागतो, तो विसरू नकोस.

या भागात एकच गोष्ट मला पटत नाही. 'पोहोचलास की फोन कर' हे मी तुला शाळेच्या सहलीपासून सांगत आले आहे. ते स्पॅनिशमध्ये 'कुआन्दो येगेस, यामामे' असे होते, आणि त्यातले येगेस हे या अनिश्चित गटातले रूप आहे, कारण तू अजून पोहोचलेला नाहीस. आपण मात्र पोहोचलास असे म्हणतो, लाख्यात वापरतो, जे घडून चुकले त्याचे रूप. व्याकरणाने त्यांचे बरोबर आहे आणि परीक्षेत तू त्यांच्यासारखेच लिही. मी मात्र मराठीतच म्हणत राहीन, कारण तू पोहोचलास हे वाक्यात तरी आधी होऊन गेलेले असते.

रोज सकाळी वीस मिनिटे मोठ्याने म्हण. मनातल्या मनात म्हटलेले रूप तोंडात येत नाही हे मी शेकडो मुलांत पाहिले आहे. पुन्हा मी बाईच झाले, माफ कर. तुला पाठांतराने भाषा येत नाही असे वाटते, आणि तू तिकडे घरमालकीणबाईंशी आणि स्वयंपाकघरातल्या माणसांशी दिवसभर त्यांच्या भाषेत बोलतोस, हे मी समोरच्या माईंना कितीदा तरी सांगितले आहे. तुला सांगितले नाही. आपल्या घरातून मुंबईच्या पलीकडे जाऊन परक्या भाषेत पोट भरणारा तू पहिला. परीक्षा एप्रिलमध्ये पुन्हा देता येते असे तू म्हणालास, तर फीचे पैसे मी सोमवारी भरते. नाही म्हणू नकोस.

दादाची साखर आता ताब्यात आहे. गच्चीवरच्या पत्र्याचे काम झाले.

उशीर होणार असेल तर आधी एक अक्षर पाठव, नुसते 'निघालो' एवढे. आणि मग दुसरे.

तुझी,
आई

ता. क. तक्त्यात भूतकाळाच्या रकान्यात तिसऱ्या ओळीतल्या एस्पेरोच्या रो वरची पेन्सिलीची रेघ घडीवर आल्यामुळे पुसट झाली आहे. ती शाईने गडद करून घे.