दोन्ही गोधड्या माझ्याकडे आहेत

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, कपाटाचा वरचा कप्पा उघडशील आणि घाबरशील, म्हणून आधीच कळवते. माईची गोधडी आणि बाबांची मोठी, दोन्ही मी घेऊन आले आहे. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. यापुढे त्या माझ्याकडेच धुतल्या जातील. हे ठरलंय, त्यावर आता चर्चा नको.

तुझ्या कमरेचं कारण मी देत नाही, तुला ते आवडत नाही. गोधडीचंच कारण घे. आतल्या प्रत्येक थरात पाणी भरतं. अशी जड झालेली गोधडी एका टोकाला धरून उचलली की सगळा भार टाक्यांवर येतो आणि जुना धागा तुटतो. माईच्या गोधडीचा कोपरा तसाच उसवलाय. धुण्याआधी मी तो शिवून घेणार आहे, कारण उसवलेली जागा पाण्यात आणखी फाटते. धावदोरा तुझ्यासारखा सरळ येणार नाही, तेवढं चालवून घे.

तू म्हणशील, तुझ्याकडे धुतली की कडक होते. नाही होणार. कडकपणा बराचसा आपण वापरतो त्या जास्तीच्या पावडरीमुळे येतो. ती नीट निघत नाही, शिवाय पाण्यातले क्षार धाग्यांत बसतात. म्हणून पावडर निम्मी, पाणी थंड, आणि विसळायचं ते पाण्यावर फेस दिसेनासा होईपर्यंत. शेवटच्या बादलीभर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर. ते आम्ल असल्यामुळे उरलेला साबण आणि क्षार दोन्ही सुटतात. वास वाळल्यावर राहत नाही, तू उगाच नाक मुरडू नकोस. रंग जातो का, तेही पाहिलंय. पांढरा ओला फडका माईच्या लाल पट्टीवर दाबून धरला, फडका पांढराच राहिला.

कपडे मऊ करायच्या कंडिशनरची ती सुवासिक निळी बाटली मात्र मी तुमच्याकडून हलवली आहे. रागावू नकोस, वास मलाही आवडायचा. पण त्यातलं द्रव्य धाग्यावर थर देऊन बसतं. हाताला मऊ लागतं खरं, पण सुती कापड मग घाम आणि पाणी कमी शोषतं, आणि दर धुण्याला थर वाढत जातो. गोधडीने घाम टिपला नाही तर तिचा उपयोग काय? शिवाय असल्या वासांनी काहींच्या त्वचेला खाज सुटते. बाबांच्या मानेची खाज त्यामुळेच आहे असं मी म्हणत नाही. थोडे दिवस बिनवासाचं पांघरून बघू, एवढंच.

बाबा, तुम्हाला थंडी वाजणार नाही. राखाडी ब्लँकेट खालच्या कप्प्यात वरच ठेवलंय, धुऊन, उन्हात घालून. पायाशी दुलई आहे. तुमची गोधडी मला लहानपणी पूर्ण पुरायची, आणि तुम्ही पाय उघडे टाकून झोपायचात. काल रात्री मीच ती पांघरली. धुवायला उशीर होतोय तो त्यामुळे. अजून तुमचा वास आहे तिला.

आता घरी राहिलेल्या लहान चौघडीबद्दल. तीही माझ्यासाठी ठेवली तर उत्तम. आई, तू ठेवणार नाहीस, तर निदान नीट ऐक. टब जमिनीवर ठेव, उचलायचा नाही, तिथेच पाणी ओतून द्यायचं. पिळायचं नाही, हातांनी दाबून पाणी काढायचं, मग मोठ्या टॉवेलात गुंडाळायची. वाळत बाबा घालतील, दोन दोऱ्यांवर पसरून, म्हणजे भार वाटला जाईल. सकाळीच धुवायची, आत ओल राहिली तर कुबट वास येतो. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

वाळल्यावर ताठ वाटली तर घाबरू नकोस. सुती धाग्यांवर वाळल्यानंतरही थोडं पाणी टिकून राहतं आणि तेच धागे एकमेकांना चिकटवतं, हे जपानमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. म्हणून झटकायची, हातांनी चोळायची, की सुटते. तू वर्षानुवर्षं कपडे झटकून घडी करतेस ते बरोबरच होतं. मी तेव्हा धूळ उडते म्हणून कुरकुर करायचे.

झटकण्याचं काम पण बाबांचं. आणि बाबा, दुसरी निळी बाटली आणू नका. ती आणता तुम्ही, आई नाही, मला माहीत आहे.

तुमची,
मनू

ता. क. दादाला फोन करून माझी तक्रार करू नकोस. गोधड्या त्यानेच खाली उतरवून दिल्या.