बारा वाजताची सावली

मा. संपादक, स. न.

प्रश्न विचारत शिकण्याला ‘समाजाचा पाठिंबा’ वाढायला हवा, असे कालच्या अग्रलेखात आपण म्हणता. वा! पण पाठिंबा नेमका कोणाचा?

माझी नात सातवीत आहे. जानेवारीत तिने गच्चीवर काठी रोवून दर पाच मिनिटांनी सावली मोजली. सर्वांत आखूड सावली पडली पाऊणच्या सुमारास. वहीत तिने तसेच लिहिले. बाईंनी लाल पेनाने ते खोडून ‘१२ वाजता’ केले आणि वर गुण कापला.

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. अंशाला चार मिनिटे धरा, म्हणजे मुंबईची मध्यान्ह सरासरी ३९ मिनिटे उशिरा, जानेवारीत त्याहून थोडी पुढेच. १९५५ पर्यंत चाललेला ‘बॉम्बे टाइम’, म्हणजे मुंबईची जुनी स्थानिक वेळ, प्रमाणवेळेच्या एवढाच तर मागे होता! आणि सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. एकदा शाळेला सुट्टी, एकदा आभाळ भरलेले. तपासणार कोण?

पालकसभेत मी हे काढले. बाई म्हणाल्या, ‘‘आजोबा, पुस्तकात बारा आहे, मी काय करू?’’ त्यांच्यावर राग नाही. वर्गात साठ मुले, त्यात मतदारयाद्यांचे काम. पण मागून एका पालकांनी विचारले, ‘‘हे परीक्षेला येणार आहे का?’’ आणि साऱ्या सभेने माना डोलावल्या. हा आपला समाज! मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करते आहे, २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा झाला, २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण झाले. कागदावर कमी काहीच नाही. वही तपासणाऱ्याला ‘थांब, उद्या मीही मोजून बघते’ म्हणण्याची मुभा तेवढी कोणी दिलेली नाही. आपल्या अग्रलेखासमोरच्या पानावर क्लासची पानभर जाहिरात होती, गुणवंतांच्या फोटोंसकट. तिला मात्र पाठिंब्याची चणचण दिसत नाही.

जाता जाता, मे महिन्यात सूर्य डोक्यावर आला की काठीची सावली नाहीशी होते, ती ‘शून्य सावली’ बघायची नातीची इच्छा आहे. पण आमच्या सेक्रेटरींनी आता गळतीचे कारण सांगून गच्चीला कुलूप घातले आहे. किल्लीसाठी लेखी अर्ज हवा, तोही कमिटीच्या पुढच्या बैठकीत येणार. मोबाइल टॉवरवाल्यांची माणसे मात्र खुशाल वर जातात. त्यांच्या चपलांनी बहुधा गळती होत नसावी.

– एक आजोबा, मुलुंड (पूर्व)