काम नीट थांबवल्याबद्दल

आदरणीय सेफ्टी ऑफिसर मॅडम,
स. न. वि. वि.

मार्च २०२० मध्ये आपली साइट बंद झाली तेव्हा आभार मानायची कुणाला सवड नव्हती. आता जाहीरपणे मानतो, कारण बांधकाम थांबवायचं म्हणजे गेटला कुलूप लावायचं, असं समजणारे अजून भेटतात.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महामारी असल्याचं सांगितलं. पाच दिवसांनी अमेरिकेतल्या बॉस्टनच्या महापौरांनी शहरातली बांधकामं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ही बातमी तुम्ही मीटिंगमध्ये सांगितलीत, तेव्हा ‘आपलं काम उघड्यावर, आपल्याला काय होतंय?’ असा सूर निघाला. तुम्ही वाद घातला नाहीत. सकाळच्या पाळीला त्या मंडळींना माणसं नेणाऱ्या लिफ्टसमोर नेऊन उभं केलंत. आत माणसं किती दाटीने उभी असतात ते दिसल्यावर पुढे कुणी बोललं नाही.

वरून हुकूम आला, ‘आजच बंद करा.’ तुम्ही मुदत मागितलीत. बॉस्टननेही साइट सुरक्षित करायला आठवडाभर दिला होता, हे दाखवून ती मिळवलीत. ते दिवस मी विसरणार नाही. अर्धवट ओतलेला स्लॅब ठरलेल्या जॉइंटपर्यंत (काँक्रीट थांबवायच्या जागेपर्यंत) पुरा करून घेतलात. खालचे टेकू काढायला निघालेल्या ठेकेदाराला जागीच थांबवलंत (त्याला ते साहित्य दुसरीकडे हवं होतं, बाकी काही नाही). टॉवर क्रेनचा फिरण्याचा ब्रेक मोकळा करवलात. वाऱ्याबरोबर बूम, म्हणजे क्रेनचा आडवा हात, फिरू दिला नाही तर वादळात सगळा जोर मनोऱ्यावर येतो. उघड्या सळ्यांना सिमेंटचं पाणी लावून घेतलंत, लिफ्टच्या खड्ड्यातलं साचलेलं पाणी उपसवलंत. एका साथीत डासांची दुसरी कशाला, म्हणालात.

सगळ्यात मोठं भांडण भूजल उपसणाऱ्या पंपांवरून झालं. काम बंद तर डिझेलचा खर्च कशाला, हा हिशेब. बेसमेंटचा राफ्ट, म्हणजे तळाचा सलग काँक्रीटचा पाया, झालाय, वरच्या मजल्यांचं वजन अजून पूर्ण आलेलं नाही. अशा वेळी भूजल चढलं तर ते राफ्टला खालून उचलू पाहतं, हे तुम्ही फळ्यावर काढून समजावलंत. पंप चालू राहिले, त्यांच्यासाठी दोन माणसं राहिली आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोयही तुम्हीच लावलीत.

स्टोअरमधले न वापरलेले एन-९५ मास्क तुम्ही रुग्णालयाला पाठवलेत. मुकादमाकडून हजेरीचं रजिस्टर मागवून, माणसं जाण्याआधी प्रत्येकाचा थकलेला पगार चुकता करायला लावलात. सेफ्टी ऑफिसरच्या कामात हे बसत नाही, असं एकाने ऐकवलंही होतं. तुम्ही रजिस्टर मिटलं नाहीत.

काम पुन्हा सुरू झालं तेव्हा आम्हाला काहीच तोडावं लागलं नाही. तुमची ती हाताने लिहिलेली बंद करण्याची यादी अजून असेल, तर कृपया पाठवा. माझी प्रत पावसात गेली आणि नव्या साइटवर तशी यादी कुणाकडेच नाही.

आपला,
तेव्हाचा ज्युनिअर इंजिनिअर