120 ग्रॅमच्या पाकिटाची गोष्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीटी कापूस म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार होतं तो. त्याच्या बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी 120 ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या, म्हणजे बीटी नसलेल्या सरकीचं. आमच्या अमळनेर तालुक्यात विचारून पाहा, किती जणांनी ते लावलं. आम्ही तरी कधी लावलं नाही. अळी लागणारच असलेल्या बियाण्याला जागा कशाला अडवायची? एक वर्ष ते फडताळात पडून राहिलं, मग उकिरड्यावर गेलं. कपाशीभोवती पाच ओळी लावा, असं सांगायचे. का लावा, ते कोणी सांगितलं नाही.

2017 च्या गुलाबी बोंडअळीनंतर गावात सभा झाली. समाजमंदिरात पडदा लावून साहेबांनी आलेख दाखवले. ‘प्रतिकारक्षमता’ हा शब्द दहादा तरी आला. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं, “हाऊ काय सांगी ऱ्हायना?” मला तरी कुठे कळत होतं! औषधाचं माप 10 लिटर पाण्याला, आमचा पंप 16 लिटरचा. बाकी सगळं हेक्टरी, आम्ही मोजतो एकरात. चहा चांगला होता, खोटं कशाला बोलू.

कळलं ते नंतर, बांधावर. एक तरुण शास्त्रज्ञ आले होते. त्यांनी चांगलं दिसणारं एक हिरवं बोंड तोडून उकललं. आत अळी! म्हणाले, “ताई, अळी बारीक असतानाच आत शिरते आणि ते भोक बुजतं. तुम्हाला दिसतं ते ती बाहेर पडल्याचं भोक.” म्हणजे आम्ही भोक बघून पंप पाठीवर घ्यायचो, तेव्हा ती निघून गेलेली असायची.

मग मी त्या पाकिटाचं विचारलं. ते म्हणाले, ही सोयरिकीची गोष्ट आहे. बीटी खाऊनही एखादी अळी वाचते, तिचा पतंग होतो. शेजारच्या साध्या कपाशीत बीटी न चाखलेले पतंग भरपूर असले, तर त्याची सोयरीक त्यांच्यातच जुळते आणि पुढची पिल्लं बहुतेक बीटीने मरतात. साधी कपाशीच नसली, तर वाचलेल्याची गाठ वाचलेल्याशीच. पिल्लंही तशीच चिवट.

सासूबाईंनाही समजलं. बीटी 2002 साली आली. तेव्हाच कोणी असं बांधावर बसून बोललं असतं, तर मी ते पाकीट फेकलं नसतं. सगळा दोष शास्त्रज्ञांचा नाही. विहिरीला पाणी आहे म्हणून आम्ही मे महिन्यातच लागवड उरकायचो, वर फरदडही ठेवायचो, म्हणजे वेचणी संपल्यावरही पुन्हा बोंडं यावीत म्हणून तीच कपाशी शेतात राखायचो. अळीला ताट वाढूनच ठेवलं होतं.

शास्त्रज्ञ ‘शक्यता आहे’ म्हणतात, दुकानदार ‘मारा, गॅरंटी’ म्हणतो. गर्दी दुकानात होते. तरी माझं म्हणणं, शक्यताच सांगा. फक्त ती कशावर अवलंबून आहे तेही सांगा. आम्ही पावसाच्या शक्यतेवरच पेरतो.

आणखी एक. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या) सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की फवारणीचं बघा, हेही त्यांनीच शिकवलं. तेव्हापासून हंगामात रोज सकाळी मोजून कॅलेंडरच्या चौकोनात आकडा लिहिते. जुनी कॅलेंडरं जपून ठेवली आहेत. हे आकडे कोणाला उपयोगी असतील, तर ते कुठे द्यायचे? अजून कोणी मागितले नाहीत.

आपली,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. अमळनेर, जि. जळगाव
(कृपया नाव छापू नये.)