सिरपूरचं पाणी काही केल्या थांबेना

इंदूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

तुझा फोन तीनदा येऊन गेला आणि मी एकदाही उचलला नाही, रागावू नकोस. दोन्ही हात रंगाने बरबटलेले होते आणि हे अॅक्रिलिक म्हणजे असलं चालू प्रकरण आहे की तुझ्याशी पाच मिनिटं बोलून परत येईस्तोवर पॅलेटवरच्या रंगाची साय धरलेली असते, दहा मिनिटांत त्याचं पार प्लास्टिक. आणि तू काय पाच मिनिटांत फोन ठेवणारा प्राणी आहेस का? म्हणून म्हटलं आता निवांत लिहूनच काढू.

तर मी सिरपूरचा तलाव काढतोय. हो तोच, धार रोडवरचा, दहावीच्या सुट्टीत सायकली हाणत जायचो आणि तुझी चेन दर वेळी नेमकी चढावर उतरायची तो. आता त्याचा रुबाब वाढलाय, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. पण जानेवारीत सकाळी साडेसहाला काठावर उभं राहिलं ना की पाणी तेच रे, हलत म्हणून नाही. साधारण आठ वाजता वारा सुटतो आणि सगळा आरसा मोडतो, म्हणजे बघायला दीड तास मिळतो फक्त. मी चार रविवार गेलो, मफलर गुंडाळून, थर्मासमध्ये चहा घेऊन. येताना पोहे-जिलेबी, ते सांगायला नकोच.

पहिला कॅनव्हास पार वाया गेला. सोळा बाय वीस इंचाचा घेतला होता, दुकानदाराने असा ढिला गळ्यात मारला की मधे खाटेसारखा झोळ. नंतर कळलं की सुती कॅनव्हास असला तर मागून थोडं पाणी शिंपडून वाळू द्यायचं, बराच ताणला जातो. पण खरा घोळ माझाच होता. पाणी म्हणजे निळं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की ट्यूब पिळली आणि थॅलो ब्लू थापला. हा थॅलो म्हणजे हिंगासारखा, चिमूटभर टाकायचा, मी वाटीभर टाकला. वर पांढऱ्या रंगाच्या नागमोडी रेघा मारल्या, लाटा म्हणून! आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "चादर चांगली आहे रे, पण वाळत कुठे घातलीये?"

मग पुढच्या रविवारी ब्रश न नेता नुसता बघायला गेलो. आणि बंड्या, तिथे निळं काहीच नव्हतं. वर राखाडी गुलाबीसर आभाळ, तेच खाली, फक्त एक चमचा मळकट. समोरच्या झाडांची काळसर हिरवी पट्टी, ती खाली जराशी उजळ. म्हणजे असं बघ, उजळ असेल ते पाण्यात थोडं गडद होतं आणि गडद असेल ते थोडं फिकं, दोघं एकमेकांकडे सरकतात. आणि पायाशी बघितलं तर प्रतिबिंब गायब, गाळ आणि शेवाळ दिसतं, कारण तिथे आपण सरळ वरून आत बघतो. मी इतकी वर्षं तलाव बघतोय आणि हे कधी दिसलंच नव्हतं, आपलं सगळं लक्ष तुझ्या चेनीकडे.

म्हणजे पाणी असं वेगळं काढायचंच नसतं, जे वर आहे तेच खाली उतरवायचं. आता आभाळ आणि पाणी एकाच मिश्रणातून काढतो, अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, दोन्ही मिळून मस्त राख होते, त्यात टायटॅनियम व्हाइट, पाण्यासाठी त्यातच सिएनाचा अजून एक ठिपका. पण इथे अॅक्रिलिक दगा देतं. ओलं असताना एक रंग, वाळलं की त्याहून गडद, कारण त्यातला बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, ओला असताना दुधासारखा असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. दोनदा फसलो, सकाळ काढायला गेलो आणि वाळल्यावर तिन्हीसांजा झाल्या. आता आधी कागदावर बोटभर लावून हेअर ड्रायर मारतो, मग पुढे. घरात सगळे हसतात.

पॅलेटचं पण एक सांगतो. स्टीलच्या ताटात वर्तमानपत्राची ओली घडी, तिच्यावर बटर पेपर, त्यावर रंग, तासभर तरी ओले राहतात. नुसतं पाणी ओतून रंग पातळ करत बसलं की धरच सुटते आणि थर पावडरसारखा बसतो, तेही करून झालंय.

सगळ्यात मजा प्रतिबिंब पुसण्यात आहे. झाडांचा गडद रंग रुंद चपट्या ब्रशने वरून खाली ओढायचा, आणि तो ओला आहे तोवर कोरडा ब्रश घेऊन एकदाच, एकदाच हं, आडवा फिरवायचा, इतका हलका की केस जेमतेम टेकले पाहिजेत. कडा विरघळतात आणि पाणी एकदम आडवं होतं. आधी झाडं उलटी टांगल्यासारखी दिसत असतात, पुढच्या क्षणी तलाव! दुसऱ्यांदा फिरवलं की चिखल. हात थांबवता येत नाही रे, तोच त्रास आहे. शांत पाणी काढायचं आणि आपण मात्र तत्कालचं रिझर्व्हेशन काढल्यासारखे घाईत, घाम फुटलेला. उन्हाळ्यात इथल्या कोरड्या हवेत तर काय होईल देव जाणे.

आपल्याच गावात चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकार ना. श्री. बेंद्रे शिकले, एम. एफ. हुसेनही काही दिवस त्यांच्याकडे होते, आणि त्याच गावात मी चार रविवार घालवून हात-दीड हात पाणी सपाट करतोय. असो.

आता पाण्यात तीन वारकरी टाकलेत, म्हणजे ते काळे पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. प्रत्येकामागे एकच बारीक उजळ रेघ, बस. त्या रेघेमुळेच बाकीचं पाणी स्थिर वाटायला लागलं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता कामाचं विचारतो. ते बाभळीचं वाळकं खोड, ज्याला आपण सायकली टेकवायचो, ते काठाला डावीकडे होतं की उजवीकडे? आता तिथे नाहीये. मी डावीकडे काढलंय, दादा छातीठोक सांगतो उजवीकडे. खोड मिटवायला काही नाही, वरून थर दिला की झालं, पण त्याच्याखालचं प्रतिबिंब पण मिटवावं लागेल, आणि अख्ख्या कॅनव्हासवर तेवढा एकच हातभर तुकडा असा आहे जिथे पाणी खरंच थांबलंय. तेव्हा नीट आठव, आणि उजवीकडे आठवलं तरी उत्तरात डावीकडेच लिही. मी ते दादाला दाखवणार आहे.

तुझा,
पिंट्या