जूनमध्ये नाही, जानेवारीत येते

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मोठ्या अक्षरात छापून आणायला दादाला सांगितलंय. पण वाचून दाखवायला त्याला लावू नका. तो मधलं मधलं गाळतो आणि शेवटी "बरी आहे म्हणते" एवढंच सांगतो. यातलं काही गाळायचं नाही.

जे फोनवर तोंडातून निघत नाही तेच आधी लिहिते. मी जूनमध्ये परत येत नाही. पीएचडी संपली, पण इथे जर्मनीतल्या लॅबनं आणखी तीन वर्षांसाठी ठेवून घेतलंय आणि मी हो म्हटलंय. सही झाली. अमरावतीच्या कॉलेजला नकार कळवला.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. जानेवारीत, तूर घरात येते तेव्हा, चांगली महिनाभर येते. तिकीट काढून झालंय.

बाबांना वाटेल, पोरीनं विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर तुम्ही "जा" म्हटलं असतं, हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. नागपूरला पाठवतानाही असंच एका शब्दात "जा" म्हणाला होता, आणि कोपऱ्यातल्या वावराचं पुढं काय झालं ते आपल्यालाच ठाऊक. या वेळी ठरवण्याचा भार तरी तुमच्यावर नको होता. आणि या वेळी पैसा लागत नाही, उलट मिळतो. तो दादाच्या खात्यावर येईल, सोसायटीचं कर्ज त्यातून भरायचं. माझ्या लग्नासाठी बाजूला ठेवायचा नाही. त्याबद्दल मोठ्या आत्याशी मीच बोलेन, आई, तू मध्ये पडू नकोस.

आत्यावरून आठवलं, तिनं "पोरगी मोबाइलच्या कंपनीत आहे" असं गावभर करून ठेवलंय. तसं नाही. बाबा, गोठ्यातल्या खिळ्याला तुमचा रेडिओ टांगलेला असायचा, त्यावर मीडियम वेव्हवर नागपूर लागायचं. त्या लहरी शेकडो मीटर लांब. माझ्या कामातल्या लहरी एक मिलिमीटर किंवा त्याहूनही आखूड. सेकंदाला एक लाख कोटी कंपनं झाली की एक टेराहर्ट्झ. मोबाइलच्या लहरींच्या वर आणि उष्णतेच्या किरणांच्या खाली हा पट्टा येतो. कलकत्त्याला जगदीशचंद्र बोसांनी 1895 मध्ये मिलिमीटरच्या मापातल्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती, तेव्हा ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा चिपवरचा बारीकसा भाग, अजून जन्मायचा होता. तो आल्यावरही हा पट्टा बराच काळ पडीकच राहिला, कारण एका वेगाच्या पुढे ट्रान्झिस्टर सिग्नल वाढवायचंच सोडतो. मग आम्ही त्याला झेपेल त्या वेगानं कंपन करायला लावतो आणि त्यातच दुप्पट-तिप्पट वेगाची जी कंपनं आपसूक निघतात, तेवढी वेगळी काढतो. जोर फारच थोडा उरतो. एक मिलिवॉट बाहेर पडला तरी लॅबमध्ये केक कापतात.

हे सगळं नखाहून लहान चिपवर असतं. अँटेनासुद्धा त्यातच, कारण लहरच एवढीशी. नकाशा काढून कारखान्याला पाठवला की चिप हातात पडायला कित्येक महिने जातात. माझा नकाशा गेलाय, चिप पुढच्या पावसाळ्यात येईल. मी जूनमध्ये निघून आले असते तर पेरणी माझी आणि वेचणी दुसऱ्याची झाली असती. बाबा, हे तुम्हाला तरी पटावं.

हे भारतात होत नाही का, असं विचाराल. होतं. बंगळुरूला, मुंबईला लोक याच लहरींवर काम करतात. मोहालीला सरकारी कारखाना आहे, 180 नॅनोमीटरइतकं बारीक काम करणारा, तिथे इस्रोसाठी चिप बनतात. पण मला सिलिकॉनमध्ये जर्मेनियम मिसळलेला चपळ ट्रान्झिस्टर लागतो. तो बनवणाऱ्या जगातल्या मोजक्या जागांपैकी एक, आयएचपी नावाची संस्था, याच देशात पोलंडच्या सीमेजवळ आहे. चिप आल्यावर तिच्यावर केसाएवढ्या बारीक सुया टेकवून मोजणी करायची, ती यंत्रं अमरावतीच्या कॉलेजात कुठून येणार? तिथे मी चांगलं शिकवलं असतं, नाही असं नाही. पण संध्याकाळी घरी येऊन चिडचिड केली असती, आणि ती तुमच्यावरच निघाली असती.

आई, तू दर वेळी विचारतेस, "त्या किरणांनं काही होत नाही ना माय?" काही होत नाही. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या एका कणात जेवढी ऊर्जा असते, तिच्या कोटीव्या हिश्श्याच्या आसपास यांची. कातडीच्या आतसुद्धा या लहरी फार शिरत नाहीत, अंगातलं पाणीच त्यांना शोषून घेतं. माणसाच्या अंगातूनही थोड्याफार निघतच असतात, म्हणजे तुझ्याही. काकूंना जे झालं त्याचा याच्याशी संबंध नाही. माझे केस गळतात ते इथल्या पाण्यानं आणि तुझं तेल नाही म्हणून.

पाण्यावरून एक गोष्ट बाबांना. कागद, कापड, प्लॅस्टिक यांतून या लहरी पार जातात, पण ओलं दिसलं की अडतात. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये 1995 साली दोघांनी झाडाच्या ताज्या पानाचं आणि तेच पान सुकल्यावरचं चित्र या लहरींनी काढलं. पाणी कुठल्या शिरेजवळ उरलंय आणि कुठून गेलंय, ते त्यात दिसतं. पान न फाडता. तुम्ही पऱ्हाटीकडे धुऱ्यावरूनच बघून सांगता, ते यंत्राला वावरात उभं राहून सांगता यायला अजून पुष्कळ बाकी आहे. म्हणून गावात "आमची पोरगी शेतीचं यंत्र बनवते" असं सांगू नका. उद्या लोक ओसरीवर येऊन बसतील आणि तुम्ही सगळ्यांना चहा पाजाल.

आता माझं. वुप्पर्टालमध्ये पाऊस फार, हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो, पण खोली गरम असते. आई, स्वेटर घरात अंगावर ठेवावासा वाटत नाही इतकी गरम. दवाखान्याचा विमा इथे सक्तीचाच असतो. तूरडाळ मिळते, ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी तुझ्यासारखी फुगत नाही. जवस तर इथे प्रत्येक दुकानात, हे लोक तो पावात घालून खातात. मी भाजून चटणी करते, शेजारची बंगाली मुलगी वाटीनं मागून नेते. लॅबला जायला नदीवरून लटकत धावणारी गाडी आहे, 1901 पासूनची. बाबा, तुम्ही एकदा तरी तीत बसायला हवं. आपली शकुंतला रेल्वे बंद पडली, ही रोज वेळेवर येते, आणि दर वेळी मला तुमचा राग आठवतो.

या दिवसांत घरात कापूस यायला लागला असेल. भाव येईपर्यंत मधल्या खोलीत गंजी, आणि तिच्यावर मी आणि दादा. तू ओरडायचीस की अंगाला खाज सुटेल, ती सुटायचीच, मग रात्री चिमणीच्या उजेडात माझ्या केसांतला एक एक धागा काढत बसायचीस. पाठीवर खोबरेल चोळताना तुझा हात भेगांमुळे खरखरीत लागायचा आणि मला तोच बरा वाटायचा. आता हाताला मलम लावतेस का? मी पाठवलेलं तसंच कपाटात असणार, पाहुण्यांसाठी.

तर ऐका. कापूस या वर्षी मधल्या खोलीत भरायचा नाही, बाबांचा खोकला बघा. मागच्या खोलीत भरा. फवारणी बाबांनी स्वतः करायची नाही, माणूस लावायचा. त्यालाही तोंडाला फडकं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा दिल्याशिवाय वावरात जाऊ द्यायचं नाही. 2017 साली आपल्या यवतमाळात फवारणीनं किती घरं बसली ते तुम्ही पाहिलंय, मी नव्यानं काय सांगू. बीपीची गोळी "आज बरं वाटतं" म्हणून सोडायची नाही. बरं वाटतं ते गोळीमुळेच वाटतं. आई, गुडघे दुखतात तर कमोड बसवून घे, लोक काय म्हणतील हा विचार लोकांना करू दे. पैसे मी पाठवलेत, त्याचे वहिनीला कानातले करून नको देऊस. आणि फोनवर कुणी नंबर विचारला तर सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणाला तरी.

रागावला असाल तर रागवा, पण फोन बंद ठेवू नका. रविवारी तुमच्या रात्री आठला मीच करते. आई, बोलायचं नसेल तर नुसती बाजूला बस, मी बाबांशी बोलेन, तू ऐक.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत मी असताना करायचं. त्याआधी शुगर तपासून घ्या, वाढलेली असली तर डॉक्टर हात लावणार नाहीत आणि माझी सुट्टी वाया जाईल. दादाला घेऊन यवतमाळला जा, तारीख घ्या आणि कागदाचा फोटो मला पाठवा. "वेचणी होऊ दे" हे कारण चालणार नाही, जानेवारीत तुम्ही शेवटच्या वेचणीलाही माणसंच लावता.

तुमची,
बाई