खाण वाढवण्याआधी जुन्या अटींचा हिशेब गावापुढे ठेवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील आमच्या गावाच्या शिवेवर गेली अनेक वर्षे दगडखाण आणि खडी क्रशर चालू आहे. या खाणीचे क्षेत्र वाढवण्यासाठी आणि तेथेच कृत्रिम वाळू तयार करण्याची यंत्रे बसवण्यासाठी मालकाने पर्यावरण मंजुरीचा अर्ज केला असून त्यावरची जनसुनावणी पुढील महिन्यात गावातील मंगल कार्यालयात होणार आहे. तशी सूचना वर्तमानपत्रात छापून आल्यापासून पारावर आणि दूध संकलन केंद्रावर त्याचीच चर्चा चालू आहे. कुणी म्हणतो, खाण कायमची बंद करा. कुणी म्हणतो, पोरांना काम मिळते आहे तर मोडता घालू नका. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूला पडला आहे आणि तो आपल्या पत्राच्या वाचकांपुढे मांडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. पहिली परवानगी देताना ज्या अटी घातल्या होत्या, त्या किती पाळल्या गेल्या, हे गावाला कळल्याशिवाय दुसऱ्या परवानगीवर मत कसे द्यायचे?

मी एकतीस वर्षे विकास सोसायटीचा सचिव होतो. एखादा सभासद नवे पीककर्ज मागायला आला की आम्ही आधी त्याचे जुने खाते उघडत असू. त्यात त्याचा अपमान नसे, शत्रुत्व तर नसेच. तीच रीत या अर्जाला लागू व्हावी एवढेच माझे म्हणणे आहे.

खाणीला माझा सरसकट विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझ्या घराचा स्लॅब याच खाणीच्या खडीवर उभा आहे. आमच्या भावकीतले तिघे जण तेथे डंपर आणि पोकलेन चालवतात. शिवाय नदीतल्या वाळूचे काय झाले, हे भीमा आणि घोडच्या काठावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सक्शन बोटींनी पात्रे खरवडून निघाली, डोह पडले आणि काठच्या विहिरींना ओहोटी लागली. त्यामुळेच राज्य सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले आणि नदीची वाळू कमी वापरली जावी अशी दिशा ठरवली, ती मला योग्य वाटते. पण नदी वाचवायची तर वाळू डोंगरातून काढावी लागणार, आणि तो डोंगर कुणाच्या तरी गावाच्या उशाशीच असणार. म्हणून हा डोंगर कसा काढला जातो, याची चौकशी करण्याचा अधिकार त्या गावाला असला पाहिजे.

सुनावणी आत्ताच का होते आहे, हा प्रश्न पुष्कळांनी विचारला, म्हणून थोडक्यात सांगतो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत सुरुवातीला पाच हेक्टरपेक्षा लहान खाणी येतच नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात गौण खनिजांच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली आणि तेव्हापासून वाळू, मुरूम, खडी यांच्या छोट्या खाणीही या चौकटीत आल्या. तरीही पाच हेक्टरपर्यंतच्या एकट्या खाणीला जनसुनावणीतून सूट राहिली. आमच्या खाणीला पहिली मंजुरी मिळाली ती या सुटीतूनच, आणि त्यामुळे गावाचे म्हणणे कुणी कधी नोंदवूनच घेतले नाही. आता वाढीव क्षेत्र धरून ती पाच हेक्टरांच्या पुढे जाते आहे, म्हणून सुनावणी घ्यावी लागत आहे. इतक्या वर्षांत गावाला अधिकृतपणे बोलण्याची ही पहिली संधी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबर रोजी, सादर करायचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत असे अधिसूचनाच सांगते. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची आणि पंचायतीने ती तीस दिवस फलकावर लावायची, अशीही तरतूद आहे. विस्ताराच्या प्रस्तावाबरोबर आधीच्या अटींच्या पालनाचा प्रमाणित अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून घ्यावा लागतो. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय नागपूरला आहे. म्हणजे हिशेब मागण्याची सोय कायद्यात पुरेपूर आहे. आमच्या गावात मात्र मंजुरीपत्र फलकावर लागल्याचे कुणालाच आठवत नाही, आणि सहामाही अहवाल म्हणजे काय, हे मलाही गेल्या वर्षीपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या मंजुरीपत्राची प्रत मी अर्ज करून मिळवली. ते संपूर्ण इंग्रजीत आहे. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या पुतण्याला शेजारी बसवून तीन संध्याकाळी आम्ही ते वाचले आणि प्रत्येक अट मराठीत एका वहीत उतरवली. दगडाला भोके पाडताना पाणी मारून धूळ दाबायची. सुरुंग फक्त दिवसा आणि ठरलेल्या वेळी उडवायचे. डंपरवर ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. वरची सुपीक माती वेगळी रचून ठेवायची. हद्दीवर झाडांचा पट्टा लावून तो जगवायचा. खोदाई भूजलाच्या पातळीपर्यंत न्यायची नाही. अटी वाचल्यावर माझे मन भरून आले, कारण ज्याने त्या लिहिल्या त्याने आमच्यासारख्या गावाचा विचार करूनच लिहिल्या असणार. नंतर वही घेऊन मी खाणीच्या कडेने सार्वजनिक रस्त्यावरून चालत गेलो. हद्दीवर झाडे आहेत, पण ती एका ओळीत आणि फक्त रस्त्याच्या बाजूला. गावाच्या बाजूला वाळलेल्या काटक्यांभोवती आळी तेवढी उरली आहेत. मी उभा असेपर्यंत सात डंपर बाहेर पडले, त्यांपैकी दोनांवर ताडपत्री होती. एका दिवसाच्या पाहणीवरून मी निकाल देत नाही. त्या दिवशी मी जे पाहिले ते सहामाही अहवालात काय म्हणून लिहिले आहे, एवढे मला वाचायचे आहे.

धुळीबद्दल शहरातल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून एक गोष्ट सांगतो. खाणीच्या पूर्वेला माझा अर्धा एकर कांदा आहे. कांद्याची पात पोकळ आणि मेणचट असते, तिच्यावर थेंब ठरत नाही. पण जानेवारीत पश्चिमेचा वारा सुटला की त्या पातीवर राखाडी थर बसतो, पहाटेच्या दवाने तो भिजतो आणि उन्हे वर आल्यावर सिमेंटच्या पातळ सालीसारखा कडक होतो. बोटाने खरवडला तर नखात भरतो. फवारणीचे औषध मग पातीवर न पडता त्या थरावर पडते. क्रशरच्या धुळीला कायद्याने मर्यादा आहे. यंत्रापासून तीन ते दहा मीटर अंतरावर मोजलेले तरंगत्या कणांचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असले पाहिजे, आणि त्यासाठी वारा अडवणाऱ्या भिंती, पाण्याचे फवारे, आवारातले पक्के रस्ते आणि त्यांची नियमित सफाई बंधनकारक आहे. हे मोजमाप केव्हा झाले, कोणत्या महिन्यात, वाऱ्याच्या कोणत्या दिशेला, हे आकडे गावाने मागितले पाहिजेत. ऑगस्टमध्ये भर पावसात घेतलेल्या नमुन्यावरून जानेवारीतल्या धुळीचा अंदाज बांधता येणार नाही.

सुरुंगांचेही तसेच आहे. आमच्या आळीतल्या मातीच्या जुन्या घरांना तडे आहेत. ते सुरुंगाने गेले की काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याने, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आमच्या माजघरातल्या भिंतीच्या तड्यावर मी दोन वर्षांपूर्वी वहीच्या कागदाची पट्टी आडवी चिकटवून त्यावर तारीख घातली. ती पावसाळ्यात शाबूत राहिली आणि मार्चमध्ये, सुरुंगांचे काम जोरात असताना, मधोमध फाटली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. सिद्ध करण्याचे साधन आमच्याकडे नाही, ते खाणीकडे असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे, मालकाच्या स्वतःच्या नसलेल्या साध्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग वारंवारतेनुसार सेकंदाला ५, १० किंवा १५ मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये. यंत्र गावाच्या बाजूला ठेवून घेतलेल्या नोंदी असतील तर त्या दाखवाव्यात; माझी शंका चुकीची निघाली तर मी सुनावणीत उभा राहून तसे सांगेन. नोंदीच घेतल्या नसतील तर त्या घेतल्यावरच विस्ताराचे बोलावे.

सर्वांत जास्त काळजी मला पाण्याची वाटते. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे लाव्हाचे थरावर थर. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड, कुजलेल्या भागात आणि सच्छिद्र थरांत. खालचा घट्ट पाषाण पाणी धरत नाही, ते फक्त त्याच्या भेगांतून वाहते. आमच्या बहुतेक विहिरी या वरच्या थरावर जगतात. खाणीचा खड्डा या थरातून खाली गेला की आजूबाजूचे पाणी उताराने खड्ड्याकडे ओढले जाते, आणि काम चालू ठेवण्यासाठी ते पंपाने उपसून ओढ्यात सोडले की तेवढे पाणी विहिरींच्या वाट्यातून वजा होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत, क्रशर बंद असतानाही, खाणीच्या तळाशी हिरवट पाणी उभे होते. ते पावसाचे साचलेले होते की झऱ्याचे, याचे उत्तर भूजलाच्या अटीशी थेट जोडलेले आहे. नव्या आराखड्यात खाण केवळ रुंद होणार नाही, खोलही होणार आहे. त्यामुळे आसपासच्या विहिरींची पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी कोणी, केव्हा मोजली, हे आघात अहवालात विहिरीच्या गट क्रमांकासह असायला हवे.

त्यात आता कृत्रिम वाळूची भर पडणार आहे. दगड फोडून वाळू करताना ७५ मायक्रॉनहून बारीक भुकटी मोठ्या प्रमाणावर तयार होते. ती जास्त राहिली तर काँक्रीटला पाणी जास्त लागते, म्हणून वाळू धुतात किंवा हवेने भुकटी वेगळी करतात. धुतली तर पाणी कोठून आणणार आणि गाळ कोठे टाकणार? हवेने वेगळी केली तर ती भुकटी कोठे साठवणार? सुनावणीसाठी दिलेल्या मराठी सारांशात याबद्दल एक वाक्य आहे, ‘योग्य ती व्यवस्था केली जाईल’. चांगले तंत्र उपलब्ध आहे; धुतलेले पाणी गाळ काढून पुन्हा वापरता येते. मग ते वापरणार असे स्पष्ट लिहायला अडचण कसली?

खाण संपल्यावर उरणाऱ्या खड्ड्याचाही विचार आत्ताच व्हावा. सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी भरते, कडे सरळ उभे असल्याने आत पडलेल्याला धरायला काही नसते, आणि पोहायला गेलेली मुले बुडाल्याची बातमी दर उन्हाळ्यात आपल्याच पत्रात कोठून ना कोठून येते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणकामानंतर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी ती करून देण्याची अट घालण्यास सांगितले आहे. आमच्या खाणीचा जो भाग खोदून झाला आहे, त्यावर हे काम सुरू करून दाखवले तर नव्या क्षेत्राबद्दल गावाचा विश्वास आपोआप वाढेल.

गौण खनिजाच्या रॉयल्टीबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होणाऱ्या निधीचा प्रश्न मी येथे मुद्दाम लांबवत नाही. तो हक्काचा निधी आहे आणि तो मागायलाच हवा, पण मंदिराच्या सभामंडपासाठी देणगी मिळाली म्हणून अटींकडे डोळेझाक करण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो त्यांनी सोडावा, ही कळकळीची विनंती.

प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा प्रशासनाकडे आपल्या पत्राद्वारे माझी मागणी अशी आहे की, पहिल्या मंजुरीच्या सर्व अटी, आजवरचे सहामाही अहवाल आणि नागपूर कार्यालयाचा प्रमाणित अहवाल मराठीत भाषांतर करून सुनावणीच्या किमान पंधरा दिवस आधी ग्रामपंचायतीत ठेवावेत आणि सुनावणीची सुरुवात त्यांच्या वाचनाने करावी. त्यासाठी तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल. कागद तयार नसतील तर एवढी घाई कोणाला आहे?

ग्रामस्थांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे चार माणसे आली तरी ती झाली असे धरले जाते. तेव्हा बहिष्कार टाकून घरी बसू नये. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी लेखी म्हणणे आधीच मंडळाकडे पाठवावे आणि पोच घ्यावी. दुसरे असे की, सुनावणीचे इतिवृत्त त्याच ठिकाणी, शेवटी, लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. जेवणाची वेळ झाली म्हणून निम्मा मंडप रिकामा होतो आणि नेमके हेच वाचन ऐकायला कोणी उरत नाही. आपले म्हणणे आपण बोललो तसे लिहिले गेले का, हे ऐकून मगच उठावे. मी माझी वही घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे; ज्यांना अटींची मराठी नक्कल हवी असेल त्यांनी सुनावणीआधी कोणत्याही सायंकाळी घरी येऊन ती उतरवून घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक शेतकरी व निवृत्त सोसायटी सचिव
(नाव व पत्ता संपादकांजवळ)